बटण शेवटून शिकवा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना कपडे घालायला शिकवण्यावरच्या लेखात ‘शर्ट घालणे’ ही एकच पायरी दिली आहे. बहुतेक घरांत गाडी नेमकी तिथेच अडते. सौम्य बौद्धिक अक्षमता (बुद्ध्यांक साधारण 50 ते 69) असलेलं मूल हे शिकतं, पण तुकडे पाडून. नुसतं बटण घ्या: एका चिमटीत काजाची कड, दुसऱ्या चिमटीत बटण, बटण अर्धं काजात ढकलायचं, मग काज धरलेल्या हाताने ते पलीकडून पकडायचं आणि ओढायचं. पकड बदलते तिथे बटण मागे निसटतं. म्हणून आधीचं सगळं आपण करायचं, शेवटची ओढ तेवढी मुलाची. ती तीन-चार दिवस बिनमदतीची जमली की त्याच्या आधीचा टप्पाही मुलाकडे.

बटण दोन-अडीच सेंटिमीटरचं, शर्ट धुऊन मऊ झालेला. कोऱ्या शर्टाचं काज ताठ असतं. गळ्याचं बटण दिसतच नाही, तेव्हा पोटाजवळच्यापासून सुरू करा. आणि समोर बसू नका, डावं-उजवं उलटं दिसतं. मागे बसून हातावर हात ठेवा. ही मदत पुढे मनगटावर, मग कोपरावर नेत कमी करता येते. “ढकल, ओढ, अरे दुसऱ्या हाताने” ही टकळी मात्र सुटता सुटत नाही. मूल बटणाऐवजी आपल्या आवाजाकडे लक्ष देऊ लागतं.

सराव सकाळी, रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना नको. संध्याकाळी कपडे बदलताना, दोन बटणं पुरे.