‘सात महिन्यांत बाबा मला ओळखेनात’ या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. परभणीत वसमत रोडवरचं हे ज्येष्ठांचं डे-केअर मी चालवतो. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की बाबा चालते-बोलते आले होते, सात महिन्यांत तुम्हाला ओळखेनात. मेंदूचा व्यायाम सोडून आम्ही त्यांना शेंगा फोडायला आणि भजनाला बसवलं. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, जायचं म्हणाले की त्यांच्याशी खोटं बोललो. आणि शेवटच्या आठवड्यात ते एकाएकी बिघडले तरी तुम्हाला कळवलं नाही. त्यांचं नाव, त्यांची फाईल मी इथं आणणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी शेवटच्या आठवड्याचं, कारण तिथं चूक माझी आहे. अल्झायमर या विसरण्याच्या आजारात माणूस महिन्या-महिन्यानं, वर्षा-वर्षानं खालावतो. दोन-तीन दिवसांत माणूस गुंगीत जायला लागला, बरळायला लागला, तर त्यामागं बहुतेक वेळा दुसरंच काही असतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, नवी सुरू केलेली गोळी. त्यावर उपाय असतो. आमच्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ‘आजार वाढला असेल’ म्हणून दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी तुम्हीच त्यांना डॉक्टरांकडं नेलं आणि संसर्ग निघाला. मी तुमची माफी मागतो. त्या महिन्याची पूर्ण फी परत करतोय. आणि इथून पुढं असा बदल दिसला की त्याच दिवशी घरी फोन जाईल, मग रात्र का असेना.

सात महिन्यांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे.

१९०६ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या एका पेशंट बाईंचा मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गठ्ठे आणि पेशींच्या आत झालेले गुंते. गठ्ठ्यांना प्लाक म्हणतात, गुंत्यांना टँगल. प्लाक अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यांचे असतात. हे तुकडे प्रत्येकाच्या मेंदूत तयार होतात आणि वाहूनही जातात. ज्यांचे वाहून जात नाहीत त्यांचे एकमेकांना चिकटत राहतात. टँगल टाऊ या प्रथिनाचे. पेशीच्या आत माल नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना टाऊ धरून ठेवतं. आजारात ते नळीवरून सुटतं आणि आपसात पिळा पडून त्याचा गुंता होतो. शेतात ठिबकची नळी जागोजाग चेपली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसं पेशीचं दुसरं टोक उपाशी राहतं. आधी जोड तुटतात, मग पेशी मरते.

प्लाक साचायला लागतात ते पहिलं विसरणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी. बाबा मोंढ्यात मुनीम होते, रोजच्या पट्ट्या बिनचूक लिहीत होते, तेव्हाच हे आत सुरू झालेलं असणार. दोन वर्षांपूर्वीच्या एमआरआयमध्ये ‘वयामुळं थोडं आकुंचन’ एवढंच आलं होतं असं तुम्ही लिहिलंय. साध्या एमआरआयमध्ये प्लाकही दिसत नाहीत, टँगलही दिसत नाहीत. या आजाराचं म्हणाल तर मेंदू किती आकसला एवढंच दिसतं. त्या रिपोर्टवरून ते बरे होते असं धरता येत नाही.

टँगल ज्या वाटेनं पसरतात त्यावरून माणसाचं काय आणि कधी जातं ते बरंच कळतं. जर्मनीतल्या ब्राक दांपत्यानं १९९१ मध्ये या वाटेचे सहा टप्पे मांडले. सुरुवात कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिपोकॅम्पस या आठवणींच्या भागाच्या उंबऱ्यावर. नवी आठवण तिथंच बसते, म्हणून सकाळी जेवलेलं आठवत नाही पण कापसाचा चाळीस वर्षांपूर्वीचा भाव आठवतो. पुढं गुंते मेंदूच्या बाहेरच्या थरात शिरतात, मग शब्द, रस्ते, चेहरे जायला लागतात. तुमची ओळख याच टप्प्यात गेली. हालचालींच्या भागापर्यंत मात्र गुंते खूप उशिरा पोचतात.

शेंगा त्यासाठीच. बोटांना जे येतं ते बराच काळ टिकतं, अन् लहानपणापासून कानावर पडलेली भजनंही. कोडी आणि पाढे आम्ही पहिले तीन आठवडे घेतले होते. उत्तर आलं नाही की बाबा कपाळ बडवून घेत, जेवत नसत. शिक्षण, कामात गुंतलेलं डोकं, माणसांत राहणं यांनी आजाराची लक्षणं उशिरा दिसू शकतात हे खरं आहे. पण बसलेला गुंता पाढ्यांनी सुटत नाही. गठ्ठे काढणारी औषधं आलीत म्हणता, तीही खरी. त्यातल्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, पण ते अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी आहे आणि आजाराचं वाढणं फक्त मंद करतं. गेलेली ओळख त्यानं परत येत नाही.

आणि खोटं बोलण्याचं. ‘मोंढ्यात जायलोय, गाड्या आल्यात’ असं बाबा म्हणाले की आम्ही ‘आज काय भाव निघंल?’ असं विचारायचो. ‘तुम्ही रिटायर होऊन अठरा वर्षं झाली’ असं एकदा सांगून पाहिलं होतं. सांगितलेलं दहा मिनिटांत विसरले, पण संध्याकाळपर्यंत कावरेबावरे होते. ती चूक मला पुन्हा करायची नव्हती. तुम्हाला हे आधी बसून समजावायला हवं होतं, ते राहून गेलं. रोज फोनवर ‘बाबा मजेत आहेत’ एवढंच सांगत राहिलो, ते खालावतायत हे सांगायला जड जात होतं.

बाबांना आम्ही लाल कापडी बांधणीची वही दिली होती, त्यात ते रोज हिशोब लिहायचे. आकडे शेवटी शेवटी जुळत नाहीत. पण पोरीच्या शाळेची फी भरायची आहे, हे जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, तुमच्या घरच्या हाकेच्या नावानिशी. वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. फीच्या चेकसोबत घरी पाठवू, का तुम्ही येऊन न्याल, ते कळवा.