तंत्रज्ञानाला आकार कोण देतं?

'तंत्रज्ञान कुणासाठी थांबत नाही, आपणच जुळवून घ्यायचं.' हे हल्ली इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्यावर कुणी उलट बोलत नाही. मला ते पटत नाही. यंत्र कुणीतरी, कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून बनवतं. ज्यांचा विचारच झाला नाही, त्यांना मग जुळवून घ्यायला सांगतात.

सायकलचं बघा. १८७० च्या दशकातल्या सायकलला पुढे अवाढव्य चाक असायचं आणि मागे चिमुकलं. पेडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलं, त्यामुळे वेग हवा असेल तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नव्हता. तिच्यावरून तोंडघशी पडणं नेहमीचंच. पण ती चालवणाऱ्या धडधाकट तरुणांना त्यात खोट दिसत नव्हती, उलट त्या थरारासाठीच ते चढत. लांब झगा घालणाऱ्या बायका आणि वयस्कर माणसं मात्र बाहेरच राहिली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मग बायका सायकलवर बसल्या. त्यासाठी त्यांचे कपडे बदलले, सोबतीला कुणी नसताना दूरवर जाणं सुरू झालं. बिथरलेल्या काही डॉक्टरांनी तर सायकलने बायकांचे चेहरे बिघडतात असंही लिहिलं! समाजाने सायकल बदलली आणि सायकलने समाज.

टेलिफोनची गोष्ट तर मला याहून आवडते. बेल यांना १८७६ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या कंपन्या फोन विकत होत्या तो धंद्याच्या कामासाठी. निव्वळ गप्पांसाठी फोन वापरणं त्यांना गैरवापर वाटे. गावाकडच्या शेतकऱ्यांनी मात्र स्वतःच्या लाइनी टाकल्या, काही ठिकाणी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरून, आणि घरातल्या बायका निवांत बोलत बसल्या. कंपन्यांना हे उमगायला १९२० चं दशक उजाडलं. तेव्हा कुठे जाहिरातींत मित्र आणि नातेवाईक दिसू लागले. फोन कशासाठी असतो, हे वापरणाऱ्यांनी ठरवलं.

दरवेळी असं होत नाही. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी आपल्या सोयीने प्रमाणवेळा लागू केल्या आणि गावोगावची घड्याळं त्यांच्यामागे गेली. देशाचा कायदा आला १९१८ मध्ये. मोटारींच्या अपघात-चाचण्यांतले पुतळे दीर्घकाळ सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेले होते. बायकांना अपघातात गंभीर इजा होण्याचा धोका जास्त, हे नंतर आकडेवारीतून पुढे आलं. कुणाला मुद्दाम मारायचं नव्हतं. फक्त विचारलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

समाजाने एकत्र येऊन हट्ट धरला तर बड्या कंपन्याही वळतात. युरोपीय संघाने मोबाइलसाठी एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचं केलं, २०२४ च्या अखेरीस नियम लागू झाला. ॲपलने तर २०२३ मध्येच आयफोनला हे यूएसबी-सी पोर्ट दिलं.

आज नोकरीचे अर्ज चाळणं, कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणं, अशी कामं सॉफ्टवेअरकडे चालली आहेत. ती प्रणाली जुन्या नोंदींवरून शिकते, म्हणजे जुने भेदभावही शिकते. हे घडत असताना 'थांबत नाही' म्हणून गप्प बसणं म्हणजे सगळे निर्णय ही प्रणाली बनवणाऱ्यांच्या हाती सोपवणं. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की, आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतला असेल, तर बहुतेक वेळा माणसाने त्यात लक्ष घालावं अशी मागणी करता येते. हा हक्क जगात प्रत्येकाला हवा, आणि या प्रणाली सगळीकडे पसरण्याआधी हवा.