आनंदाला पाप ठरवणाऱ्या दाव्याचा प्रतिवाद

डिसेंबर जवळ आला की समाजमाध्यमांवर एक दावा हमखास फिरू लागतो. प्रभू येशू रडल्याचा उल्लेख शास्त्रात आहे, हसल्याचा नाही. म्हणून खऱ्या ख्रिस्ती माणसाने नाचगाणी आणि मेजवान्या टाळाव्यात. नाताळ तर मूर्तिपूजकांकडूनच उचललेला आहे. आपला मार्ग क्रूसाचा, म्हणजे दुःखाचा. आणि सण म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

येशू हसला असे शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील त्याच्या चार चरित्रांत, कोठेही लिहिलेले नाही, हे खरे आहे, आणि चौथ्या शतकातील योहान क्रिसोस्तोम यांच्यासारख्या थोर उपदेशकानेही त्यावर बोट ठेवले होते. परंतु नोंद नाही म्हणजे घटना नाही, हा तर्क मान्य केला तर येशूला कधी शिंकही आली नाही, असे म्हणावे लागेल. जे लिहिले आहे ते मात्र या दाव्याला सोयीचे नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो पवित्र आत्म्यात ‘उल्लसित झाला’ असे स्पष्ट शब्द आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात त्याचे पहिले चिन्ह घडते ते काना गावच्या लग्नघरी, आणि तेथे दोन-तीन मण पाणी मावेल असे सहा दगडी रांजण द्राक्षारसाने भरतात. यजमानाची लाज राखायला एवढ्याची गरज नव्हती. त्याच्या विरोधकांनी त्याला ‘खादाड व दारूबाज’ म्हटले. आरोप खोटा होता, पण तोंड पाडून पंगतीला न बसणाऱ्या माणसावर तो कोणी केला नसता.

नाच देवाला अमान्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी जुन्या करारातील ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचावा. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमेत आणताना दावीद राजा सर्व बळाने नाचला, आणि शास्त्रात दोष लागला तो नाचणाऱ्या दाविदाला नव्हे, खिडकीतून त्याला तुच्छ लेखणाऱ्या त्याच्या पत्नीला, मीखलला. शेवटच्या स्तोत्रात तर कर्णा, डफ, बासरी, झांजा यांची यादीच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग आणि भजने दिली ती याच परंपरेला धरून. गोव्यात 24 जूनला, सांजांवच्या म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाच्या दिवशी, तरुण विहिरींत उड्या घेतात. आई अलीशिबेच्या उदरात असताना या योहानाने उल्लासाने उडी मारली, या लूकमधील प्रसंगाशी लोक त्या उड्यांचा संबंध जोडतात.

नाताळाच्या तारखेविषयी थोडक्यात. 25 डिसेंबरला येशूचा जन्म मांडणारी सर्वांत जुनी नोंद रोममध्ये 354 साली संकलित झालेल्या पंचांगात असून ती 336 सालची मानली जाते. त्या दिवशीच्या सूर्योत्सवाचा स्पष्ट उल्लेखही त्याच पंचांगात सापडतो. कोणी कोणाकडून काय घेतले, हे एवढ्यावरून ठरत नाही. सॅटर्नेलिया हा रोमन सण तर 17 डिसेंबरला सुरू होऊन 25 तारखेपूर्वीच संपत असे. आणि सणावर बंदी घालणे म्हणजे मूळ श्रद्धेकडे परतणे, असे समजणाऱ्यांचा प्रयोगही होऊन गेला आहे: अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथीयांनी, 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला आणि 1681 मध्ये तो कायदा मागे घेतला.

क्रूसाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) क्रूस आणि आनंद यांना कधीच परस्परविरोधी मानले नाही. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा, तर ईस्टरपासूनचा पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा. उपवासाचे दिवस मोजताना पाश्चात्त्य परंपरेत रविवार वगळले जातात, कारण रविवार पुनरुत्थानाचा. 325 सालच्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेच्या विसाव्या नियमाने तर रविवारी आणि पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे याच पन्नास दिवसांच्या, काळात गुडघे टेकण्याऐवजी उभे राहून प्रार्थना करण्यास सांगितले. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी बेड्यांत होता.

उधळपट्टीचा आक्षेप मात्र निम्मा मान्य करावा लागतो. कर्ज काढून केलेल्या रोषणाईचे समर्थन मी करणार नाही. पण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात सणाचा आनंद करण्याची आज्ञा आहे तीत दासदासी, परके, अनाथ आणि विधवा यांनाही सोबत घ्यायला सांगितले आहे. दाविदानेही त्या दिवशी स्त्रीपुरुष सर्वांना भाकरी वाटल्या. करिंथच्या मंडळीत एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन मस्त, अशी अवस्था झाली, तेव्हा पौल संतापला. तरीही त्याने एकत्र भोजन बंद करायला सांगितले नाही, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असे लिहिले.