गालापागोसला व्हेल शार्क बारमाही दिसत नाही

नागपुरातल्या डायव्हिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गालापागोसच्या लाइव्हअबोर्डवर कधीही जा, व्हेल शार्क हमखास. ओपन वॉटर कोर्स पुरे.’ गालापागोस म्हणजे इक्वेडोरची प्रशांत महासागरातली बेटं, लाइव्हअबोर्ड म्हणजे राहून डायव्हिंग करायची बोट आणि ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. धरमपेठेतला ओळखीचा एक मुलगा यावरच फेब्रुवारीचा अ‍ॅडव्हान्स भरायला निघाला होता, म्हणून लिहितोय.

गालापागोसमधल्या डार्विन आणि वुल्फ बेटांपाशी व्हेल शार्क प्रामुख्याने जून ते नोव्हेंबरात येतात. तेव्हा थंड प्रवाहांमुळे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) वाढतो. तेच त्यांचं खाणं. पाणी गार असतं, जाड वेटसूट (पाण्यात ऊब देणारा पोशाख) हवाच. हॅमरहेड शार्कचे कळप बघायचे असतील तर मात्र जानेवारी ते मे हे उबदार महिनेही चांगले.

आता कोर्सचं. ओपन वॉटर केलेल्याला खोलीची मर्यादा 18 मीटर. शिवाय डार्विन-वुल्फला प्रवाह एवढा की खडक दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं, बुडबुडे वर न जाता आडवे पळतात. नवख्याला तिथे पाठवणं मला तरी पटत नाही. त्याला मालदीवचं दक्षिण आरी हे प्रवाळबेट बरं, तिथे व्हेल शार्क वर्षभर दिसतात.

आणि परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तासांनीच विमानात बसाल असं बघा.