सेक्रेटरी म्हणजे नेमकं कोण?

तुमच्याकडे छापून आलेल्या एका लेखात प्रीती पटेल यांना 'ब्रिटनच्या माजी गृहसचिव' म्हटलंय, ते खटकलं. त्या 2019 ते 2022 या काळात होम सेक्रेटरी होत्या, म्हणजे आपल्या भाषेत गृहमंत्री: निवडून आलेल्या खासदार, संसदेला उत्तरं देणाऱ्या. आपल्याकडचा गृहसचिव हा सनदी अधिकारी, तो मंत्र्याच्या हाताखाली काम करतो. तिथे तसं काम बघणाऱ्याला पर्मनंट सेक्रेटरी म्हणतात. सरकार बदललं तरी तो सहसा खुर्चीवरच असतो. अमेरिकेचा 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे परराष्ट्रमंत्री, पण तो संसदेचा सदस्य असूच शकत नाही. राष्ट्राध्यक्ष त्याला नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. केनियात तर 2010 च्या राज्यघटनेनुसार मंत्र्यालाच कॅबिनेट सेक्रेटरी म्हणतात, आणि आपला कॅबिनेट सेक्रेटरी हा देशातला सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी!

निर्णय मंत्र्याचा की अधिकाऱ्याचा, जाब कुणाला विचारायचा, हे वाचकाला बातमीतूनच कळायला हवं. स्पर्धा परीक्षेची मुलं अशा लेखांवरून टिपणं काढतात. संपादकांनी कृपया तेवढी दुरुस्ती करावी.