सांत्वनासाठी कुत्रे आणू नका, पण आणा

यजमान गेल्यानंतर काही महिन्यांनी मी शेल्टरमधून एक वयाने मोठी, देशी कुत्री घरी आणली, हे समजल्यापासून मला बरेच संदेश येतात. काही जण एकटेपणावर चांगला उपाय शोधल्याबद्दल कौतुक करतात, तर बऱ्याच जणांना आपल्या आईसाठी, सासऱ्यांसाठी किंवा मावशीसाठी असेच काही करता येईल का, हे विचारायचे असते. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून ही पोस्ट. माझे मत असे, की दुःखावरचे औषध म्हणून कुत्रे आणले तर माणसाच्या पदरी निराशा येते आणि त्या मुक्या जिवाची परवड होते. मात्र त्याला घर हवे आहे आणि आपल्याजवळ घर, वेळ आणि थोडीफार ताकद शिल्लक आहे, एवढ्याच हिशेबाने आणले तर दुःखाचे जे काही व्हायचे ते आपोआप होत राहते.

आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर एकटे पडू देत नाहीत. ही पद्धत ज्यांनी घातली त्यांना माणसाची चांगली पारख असली पाहिजे. खरी अडचण गोडाचे जेवण होऊन पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर सुरू होते. मला रडू फारसे येत नसे, त्यामुळे मी सावरले आहे असे सगळ्यांचे मत झाले होते. प्रत्यक्षात माझ्या दिवसाला आकारच उरला नव्हता. शाळेच्या नोकरीत जन्मभर घंटेवर चाललेली मी, बारा वाजले तरी अंघोळ करत नसे. ताट घासावे लागू नये म्हणून ओट्याजवळ उभ्या उभ्या पातेल्यातलाच भात खात असे. कुणासाठी वेळ पाळायची, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि विचारला असता तरी उत्तर देता आले नसते. अशा माणसाला चार जणांत मिसळा, भजनी मंडळात जा, असे सांगून उपयोग होत नाही, कारण तिथे आपण गेलो नाही तरी कुणाचे काही अडत नाही.

मुलाने पुण्याहून लॅब्राडॉरचे पिल्लू आणून देतो म्हटले होते. त्याच्या मनातला भाव मला कळत होता, तरीही मी नको म्हटले, आणि त्यामागची कारणे इतरांच्या उपयोगाची आहेत म्हणून लिहिते. पिल्लाला सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते, शी-शूचे वळण लावावे लागते, दात शिवशिवू लागले की ते खुर्चीच्या पायांपासून चष्म्याच्या घरापर्यंत काहीही कुरतडते आणि रात्री आईच्या आठवणीने रडते. हे सगळे करायला तिशीतल्या अंगाची ताकद लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुत्रे साधारण दहा ते चौदा वर्षे जगते. सत्तरीकडे झुकलेल्या बाईने पिल्लू आणणे म्हणजे आपल्या माघारी त्याला पोरके करण्याची तजवीज आधीच करून ठेवणे होय. शेल्टरमधली पाच-सहा वर्षांची कुत्री मात्र कुणालाच नको असतात. येणारे लोक पिल्लांच्या पिंजऱ्यापुढे गर्दी करतात, फोटो काढतात आणि मोठ्या कुत्र्यांवरून नुसती नजर फिरवून निघून जातात. माझ्या वयाला शोभेल अशी सोबत त्या दुसऱ्या रांगेत होती.

तिचे नाव पिंकी. शेल्टरमधल्या मुलांनी ठेवलेल्या या नावाला ती कान टवकारते, म्हणून मी ते बदलले नाही. वर्गात आयुष्यभर सुभाषिते शिकवलेली बाई भल्या सकाळी मंगळवार तळ्याच्या रस्त्याने पिंकी, पिंकी अशा हाका मारत जाते, याची गंमत वाटणारे माझे माजी विद्यार्थी साताऱ्यात पुष्कळ आहेत. रंगाने तांबूस, छातीवर पांढरा डाग, आणि कानाच्या टोकाला निर्बीजीकरणाची खूण म्हणून दिलेली छोटी खाच. घरी आल्यावर पहिले काही दिवस तिने उंबरा ओलांडला नाही. ती व्हरांड्यातल्या पायपुसण्यावर बसून राही आणि मी समोर असेपर्यंत ताटलीला तोंड लावत नसे. दिवा मालवून मी आत गेले की थोड्या वेळाने स्टीलची ताटली फरशीवर घासल्याचा आवाज येई, म्हणजे जेवण सुरू झाले असे समजायचे. तिला माझ्या दुःखाशी काही देणेघेणे नव्हते. तिची स्वतःची काही जुनी भीती होती, आणि माझ्याकडून तिला वेळेवर भात-अंडे, स्वच्छ पाणी आणि अंगावर कुणी ओरडणार नाही याची खात्री, एवढेच हवे होते.

नेमके हेच मला मानवले. माणसे सांत्वनाला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आपल्यालाही चेहरा सांभाळावा लागतो. पिंकीपुढे तो सांभाळावा लागत नव्हता. साडेपाचला ती दाराशी येऊन नाकाने फूं असा आवाज काढते आणि त्यापुढे कोणतीही सबब चालत नाही. त्यामुळे मी उठू लागले, चालू लागले, चालल्याने भूक लागू लागली, आणि तिच्यासाठी भात लावायचाच आहे तर आपल्यापुरती आमटी टाकावी असे करत करत पुन्हा ताट घेऊन बसू लागले. कुत्रे आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले आहे. ते खरे असेलच. माझे काम मात्र डोळ्यांआधी पायांनी केले. यजमानांची आठवण कमी झाली असेही नाही. उलट गावाजवळच्या ‘चार भिंती’ या स्मारकाच्या चढावर दम लागला की ती हमखास येते, कारण त्यांनाही तिथेच दम लागत असे. फरक एवढाच, की आता ती चालता चालता येते.

घरच्यांचा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. जाऊबाईंना सोवळ्याओवळ्याची काळजी होती. त्यांच्याच देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री आहेत, हे माझ्या तोंडावर आले होते, पण त्या वयाने मोठ्या आहेत, म्हणून मी ते गिळले. साताऱ्याच्या माणसाला तर या बाबतीत फार लांबचे दाखले शोधावे लागत नाहीत. आपण आपली माणसे शेवटी संगम माहुलीला पोचवतो, आणि त्याच कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीबरोबर त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव त्याने वाचवला असे सांगतात. मला त्या कथेतल्या पराक्रमापेक्षा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, की एका छत्रपतींना कुत्र्याच्या जाण्याचे दुःख करताना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र कुत्रे गेल्यावर रडणाऱ्याला लोक हसतात आणि माणूस गेल्यावर कुत्रे आणणाऱ्याला वेड्यात काढतात.

आता व्यवहाराचे. शेल्टरवाले अर्ज, आधारची प्रत आणि घर पाहून जाण्याचा आग्रह धरतात. त्याचा राग मानू नये, कारण हौसेने नेलेली कुत्री महिनाभरात परत आणून सोडणारे लोक त्यांनी पाहिलेले असतात. रेबीजची लस दर वर्षी आणि डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे विषाणूजन्य रोगांची लस डॉक्टर सांगतील तशी द्यावी. पावसाळ्यात कान आणि बोटांच्या बेचक्या रोज बोटांनी चाचपून गोचीड पाहाव्यात, कारण गोचीडतापाने धडधाकट कुत्रे आठवड्यात मान टाकते. कांदा, लसूण, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असते, त्यामुळे आपल्या ताटातली भाजी किंवा प्रसादाचा शिरा त्याला घालू नये. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि दिवाळीतले फटाके यांवर मला कोणताही उपाय सापडलेला नाही. त्या रात्री पिंकी कॉटखाली असते आणि मी शेजारी सतरंजी टाकते.

भटक्या कुत्र्यांवरून सध्या जो वाद चालू आहे, त्यात मला दोन्ही बाजूंनी ओढण्याचा प्रयत्न होतो. चावे घेतल्या गेलेल्या मुलांच्या आईबापांचा राग खोटा नाही, आणि घराघराने एकेक कुत्रे नेल्याने रस्त्यांचा प्रश्न सुटेल असेही मी मानत नाही. ते काम निर्बीजीकरण आणि लसीकरण नेटाने करूनच होईल. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात एक गोष्ट स्पष्ट केली आहे, की दत्तक नेलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी नेणाऱ्याची. हे मला पूर्ण मान्य आहे. पिंकी माझ्यामागे उरली तर ती वाईच्या भाचीकडे जाईल, तिच्या खर्चाची तरतूद कुठल्या खात्यात आहे, हे मी कागदावर लिहून मुलाच्या आणि भाचीच्या हाती दिले आहे. ज्यांना हा कागद लिहायला जड वाटते त्यांनी कुत्रे आणण्याचा विचार थोडा पुढे ढकलावा.

आणि आईवडिलांसाठी विचारणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगते, की वाढदिवसाला टोपलीत घालून पिल्लू नेऊन देऊ नका. आधी विचारा, होकार आला तर त्यांना शेल्टरमध्ये घेऊन जा, तिथे तासभर बसू द्या आणि निवड त्यांची त्यांना करू द्या. नको म्हणाले तर वाद घालू नका. तेवढ्या लांब गेलाच आहात, तर वाटेत कुठेतरी थांबून त्यांच्याबरोबर जेवा आणि मग घरी सोडा.