असईची लढाई, सोयाबीनच्या पोत्यांवर

नियमपुस्तकानुसार नदी ओलांडायला उतार सापडायचा तर सहाच पडले पाहिजेत. शेठ पाळीमागून पाळी फासा टाकत होते आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची अख्खी फौज केळना नदीच्या काठावर खोळंबून उभी होती. पलीकडे माझे मराठे निवांत. मी चहा सांगितला.

आम्ही लढाया खेळतो असं जालन्यात कुणाला सांगितलं की माणूस आधी पत्ते समजतो, मग मोबाईलवरचं काहीतरी समजतो, आणि खरं कळल्यावर पाऊसपाण्याचं विचारतो. प्रकार एवढाच आहे. 28 मिलिमीटरचे रंगवलेले शिपाई प्लायवूडवर मांडायचे. टेपने इंच मोजून पुढे सरकवायचे. तोफ डागली की फासे टाकायचे, आणि माणसं फार पडली की उरलेल्यांचा धीर टिकला का, तेही फाशांनाच विचारायचं. आमचं प्लाय शेठच्या बियाण्याच्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांवर असतं. मधलं एखादं पोतं गिऱ्हाइकाला गेलं की रणांगणाच्या पोटात दरी पडते. तिचाही नियम पुस्तकात आहे : खोलगट भागात चाल निम्मी.

रंगवणं हा वेगळाच छळ. मे महिन्यात ब्रशवर घेतलेला रंग शिपायाच्या मिशीपर्यंत पोचायच्या आत वाळतो. पंखा लावला तर त्याच्याही आधी. म्हणून पंखा बंद, मी बनियनवर, आणि नाकावरचा घामाचा थेंब बरोबर शिंद्यांच्या निशाणावर. त्यात असईच्या लढाईच्या दिवशी, 23 सप्टेंबर 1803 ला, शिंदे-भोसल्यांकडे नुसतं घोडदळच तीस हजारांच्या वर होतं. एका घोड्यामागे 50 स्वार धरले तरी 600 घोडे रंगवायचे! आणि एवढं करून असईत ते घोडदळ फारसं लढलंच नाही. माझे तयार घोडे इतके कमी आहेत की त्या बाबतीत आमचा खेळ इतिहासाला फार धरून आहे.

पुस्तकावरचा माझा खरा राग मात्र वेगळा आहे. ते इंग्लंडातून आलंय, आणि त्यात प्रत्येक पलटणीला दर्जा दिलाय. गोऱ्या पलटणी पहिल्या दर्जाच्या, आमचे कंपू, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणी, तिसऱ्या. तिसऱ्या दर्जाच्या रांगेने तोंड फिरवलं की ती विस्कळीत झाली असं धरायचं. आता वेलस्ली नदी उतरून बगलेवर आला, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पायदळाने, पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हुकुमाखाली, अख्खी रांग काटकोनात फिरवून तोफांसकट त्याच्यासमोर उभी केली होती. वेलस्लीलाही तो अंदाज नव्हता. त्याची 74 वी पलटण असई गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांनी तिची चाळण केली. मारले गेलेले आणि जखमी धरून त्याची दीड हजारावर माणसं गारद झाली. हा तिसरा दर्जा! मी हे पोटतिडकीने सांगितलं की शेठ म्हणतात, "पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा."

तेवढ्यात असईच्या शिवारातले एक मामा कपाशीचं बियाणं घ्यायला आले. पिशवी काखेत धरून बराच वेळ बघत राहिले.

"काय करू राह्यले शेठ?"

"उतार शोधतोय, मामा. सहा पडत नाहीत."

मामांनी नदीकडे बघितलं. "ह्या काठाला गाव हाय, समोर त्या काठाला गाव हाय. मंग मधी उतार नसंन कामून? लोकं काय उडून जात व्हते?"

शेठचा हात फाशासकट वरच राहिला. वाटाडे उतार नाही म्हणत असताना वेलस्लीने समोरासमोरची दोन गावं बघून हाच हिशेब केला होता, आणि त्यावरच त्याने लढाई मारली. पुस्तकवाल्यांनी त्याचा फासा करून टाकला.

प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून असे खेळ चालत. पुढे तिथल्या काही अधिकाऱ्यांनी कोष्टकं बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या शब्दावर निकाल द्यायला सुरुवात केली. आम्हीही मामांना पोत्यावर बसवलं.

फौज उतरली. शेठचे गोरे माझ्या तोफांवर येऊन पोचले, आणि पुस्तकाप्रमाणे त्यांनी माझे गोलंदाज उचलून डबीत टाकायला घेतले. मी हात धरला. असईत गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या.

"गेलेला मोहरा परत येत नाही," शेठ म्हणाले.

मी मामांकडे बघितलं.

"निजू द्या की त्यांना. डबीत कशाला भरता?"

गोलंदाज उठले. शेठ चिडले आणि त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला जातीने मागे फिरवलं. तोही तसाच फिरला होता, आणि त्या धामधुमीत त्याच्या डायोमेड घोड्याला भाला लागला. आमच्याकडे सेनापती हातघाईत उतरला की एक फासा टाकावा लागतो, आणि एक पडला तर सेनापती ठार.

एक पडला.

"पोतं हललं," शेठ म्हणाले. "परत टाकतो."

"पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा."

"अहो, मग 1815 ला वॉटर्लूला नेपोलियनला हरवायला कोण जाणार?"

आम्ही दोघांनी पंचाकडे बघितलं. मामांनी पिशवी झटकून उघडली.

"ते बघा तुम्ही कुणाला धाडायचं ते. माझी पावती आधी फाडा, शेवटची यस्टी हाय."